ऐकणारं गाव

पाच बैलजोड्या, एक नांगर आणि लायमन डिलन नावाचा माणूस. साल १८३९. अमेरिकेतल्या आयोवा प्रांताची नवी राजधानी, आयोवा सिटी, नदीकाठच्या एका टेकाडावर वसवायचं ठरलं होतं, पण तिथवर पोचायचं कसं? रस्ता नव्हता, खुणेला डोंगर नव्हता, मधे म्हणावं असं गाव नव्हतं. नजर जाईल तिथवर गवत, कुठं कमरेइतकं, कुठं पुरुषभर. तेव्हा या डिलननं आयोवा सिटीपासून मिसिसिपीकाठच्या डब्यूकपर्यंत नांगराचं एकच एक तास पाडत नेलं. जवळजवळ १०० मैल. पुढं येणाऱ्यांच्या गाड्या त्या काळ्या मातीच्या रेषेला धरून येत राहिल्या आणि तिथंच रस्ता पडला.

ही हकीकत मला सांगितली आमच्या शेजारच्या आजोबांनी. साठ वर्षं मका आणि सोयाबीन काढून, शेत विकून ते गावात लेकीजवळ राहायला आले होते. डोक्यावर कायम बियाण्याच्या कंपनीची टोपी. गोष्ट सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "नांगरानं जी रेघ उमटते तिला तुमच्या भाषेत काय म्हणतात?" मी म्हटलं, "तास." आणि हेही सांगितलं की घड्याळातल्या तासालाही आम्ही तोच शब्द वापरतो. त्यांनी शब्द दोनतीनदा जिभेवर घोळवला. "तास, तास. बरोबर आहे," ते म्हणाले, "शेतात वेळ असाच मोजतात."

एक परका शब्द ऐकायला इतकी सवड काढणारा माणूस मला फार दिवसांनी भेटला होता. पुढं कळलं की या गावाची रीतच तशी आहे.

मी वाईची. कृष्णेचा घाट, विश्वकोशाची कचेरी आणि मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला, यांत माझं लहानपण गेलं. आजीचा हात धरून मी व्याख्यानाला जायची. निम्मं कळायचं नाही, पण इतकी माणसं गप्प बसून एका माणसाचं ऐकताहेत हेच बघायला आवडायचं. २००५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही आयोवा सिटीत आलो. नवऱ्याला विद्यापीठाच्या इस्पितळात संशोधनाचं काम होतं आणि मी अवलंबितांच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. सीडर रॅपिड्सच्या विमानतळापासून अर्धा तास दोन्ही बाजूंना नुसता मका. मग एका उतारावर नदी, पूल, आणि झाडांच्या वर सोनेरी घुमट.

गाव ७५ हजारांच्या आसपास, त्यात विद्यार्थी ३० हजार. ऑगस्टच्या शेवटी रस्त्याच्या कडेला जुने सोफे, गाद्या, दिवे यांचे ढीग लागतात, कारण सगळं गाव एकाच आठवड्यात घर बदलतं. आमचं पहिलं टेबल मी तिथूनच उचलून आणलं. त्याच्या खणात कुणाच्या तरी कवितांचे कागद निघाले, पेन्सिलीनं शेरे मारलेले.

घुमटाची ती इमारत म्हणजे जुनं विधानभवन, ओल्ड कॅपिटल. कोनशिला ४ जुलै १८४० ची. दगड इथलाच, नदीकाठच्या खाणींतला चुनखडक. आयोवा हे राज्य झालं २८ डिसेंबर १८४६ ला आणि त्यानंतर ५९ दिवसांनी, २५ फेब्रुवारी १८४७ ला, विद्यापीठाचा कायदा झाला. राज्याकडं तेव्हा धड रस्ते नव्हते. पण दोन महिन्यांत त्यांनी विद्यापीठ काढायचं ठरवलं, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि मग १८५७ मध्ये राजधानीच गेली. सरकारी दफ्तर बर्फातून घसरगाड्यांवर लादून पश्चिमेला डि मॉइनला नेलं. ज्या गावाचा जन्मच राजधानी म्हणून झाला, त्याच्या हातात उरली एक रिकामी दगडी इमारत आणि पाठ टेकायला धड जागा नसलेलं दहा वर्षांचं विद्यापीठ. इमारत विद्यापीठाला मिळाली. त्याच्या दोन वर्षं आधी, १८५५ मध्ये, तिथं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश सुरू झाला होता, आणि अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत हे पहिल्यांदा इथं घडलं.

१८५७ मध्ये आणखी एक गोष्ट झाली. ही जमीन मुळात सॉक आणि मेस्क्वाकी लोकांची. करारांवर करार करून त्यांना कॅन्ससकडं हटवण्यात आलं होतं. त्या वर्षी मेस्क्वाकींनी स्वतःचे पैसे जमवून आयोवातच, टामाजवळ, ८० एकर जमीन विकत घेतली, आणि ते आजही तिथंच आहेत. आपलीच भूमी खरेदीखत करून परत घ्यायची! जुन्या विधानभवनातला तो उलटा गोल जिना लोक कौतुकानं बघतात, मीही बघितला. पण ८० एकरांची गोष्ट ऐकल्यापासून त्या जिन्यावर पाय ठेवताना तीही आठवते.

या गावाचं साहित्याशी नातं कुठून सुरू झालं हे सांगताना लोक १९३६ सांगतात, कारण त्या वर्षी विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली रायटर्स वर्कशॉप, म्हणजे कथा-कविता लिहायला शिकवणारा विद्यापीठातला वर्ग, सुरू झालं. मला विचाराल तर खरं पाऊल १९२२ चं. पदव्युत्तर विभागाचे डीन कार्ल सीशोर मानसशास्त्रज्ञ होते, संगीत आणि श्रवण हा त्यांचा अभ्यासाचा विषय. त्यांनी जाहीर केलं की पदवीसाठी प्रबंधाच्या ऐवजी कविता, कथा, चित्र, संगीतरचना हेही चालेल. म्हणजे एखाद्या मुलीनं लिहिलेल्या गोष्टी हे तिचं संशोधन मानायचं. त्या काळात हे केवढं धाडस होतं! आणि ते केलं माणसाच्या कानाचा अभ्यास करणाऱ्या माणसानं.

वर्कशॉप वाढवलं ते पॉल एंगल यांनी. सीडर रॅपिड्सच्या घोड्यांच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा स्वतः कवी. १९४१ पासून २४ वर्षं त्यांनी ते चालवलं. युद्धानंतर सैनिकांची गर्दी झाली तेव्हा नदीकाठी लष्करी पत्र्याच्या कमानदार बराकी टाकून वर्ग भरायचे. त्यांची एक आठवण गावात सगळ्यांना पाठ आहे. १९४५ मध्ये जॉर्जियाहून एक बुजरी मुलगी त्यांच्या खोलीत आली आणि काहीतरी बोलली. दक्षिणेचे हेल इतके दाट की एंगलना एक अक्षर कळेना. तिला पुन्हा बोलायला सांगितलं, तरी नाही. शेवटी त्यांनी कागद पुढं केला. तिनं लिहिलं की माझं नाव फ्लॅनरी ओकॉनर, मी पत्रकार नाही, मी वर्कशॉपमध्ये येऊ का? नंतर तिच्या कथा त्यांनी वाचल्या आणि ती आली. पुढं ती अमेरिकेतली नावाजलेली कथाकार झाली.

कानाला कळलं नाही म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं नाही. ही आठवण मला फार जवळची आहे, कारण दुकानात, बँकेत, दवाखान्यात मला "पुन्हा बोला" म्हणणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा कंटाळा मी पुष्कळ बघितला आहे.

वर्कशॉपची पद्धत तिथं शिकणाऱ्या एका मैत्रिणीकडून कळली. ज्याचं लेखन त्या दिवशी चर्चेला असेल त्यानं तोंड उघडायचं नाही. टेबलाभोवती बाकीचे बोलतात, भांडतात, चुकीचा अर्थही लावतात, आणि लिहिणारा नुसता ऐकतो. "मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य म्हणायची मुभा नाही. मैत्रीण पहिल्या खेपेला घरी येऊन रडली होती. ही पद्धत सगळ्यांना मानवत नाही. ज्यांचं जगणं टेबलावरच्या इतरांना मुळातच माहीत नाही, त्यांना गप्प बसवणं अन्यायाचं होतं, असं अनेकांनी पुढं सांगितलं आणि ते मला पटतं. ऐकायचं कुणी आणि किती, याचं उत्तर सगळ्यांना एकच असू शकत नाही.

कारण ऐकणाऱ्या या गावानं काही माणसांना दारातच उभं ठेवलं होतं. एलिझाबेथ कॅटलेट हे नाव मी पहिल्यांदा शिल्पांच्या एका पुस्तकात वाचलं. तीसच्या दशकाच्या अखेरीला ती इथं शिकायला आली. ग्रँट वुड, आयोवाचे सर्वांत नावाजलेले चित्रकार, तेव्हा इथं शिकवत. त्यांनी तिला सांगितलं, तुला जे सगळ्यांत जास्त ठाऊक आहे ते कर. तिनं चुनखडकात आई आणि मूल घडवलं, कृष्णवर्णीय आई आणि तिचं मूल. १९४० मध्ये तिला ललितकलेतली उच्च पदवी मिळाली. अशी पदवी देणाऱ्या विद्यापीठांत हे अगदी पहिल्यांपैकी, आणि ती मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री तीच. पण त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात तिला खोली मिळू शकत नव्हती. वसतिगृहाची दारं कृष्णवर्णीय मुलींना उघडली १९४६ मध्ये. तोवर ही मुलं गावातल्या मोजक्या घरांत राहत. हेलन लेमी आणि त्यांच्या नवऱ्यानं वर्षानुवर्षं अशा विद्यार्थ्यांना आपल्या घरात जेवूखाऊ घातलं, आसरा दिला. आज त्यांच्या नावाची प्राथमिक शाळा आहे आणि २०१७ मध्ये उघडलेल्या मोठ्या वसतिगृहाला कॅटलेटचं नाव आहे. ७७ वर्षं लागली.

आता १९६७ कडं येते, कारण तिथून हे गाव माझ्याही भाषेचं झालं. एंगल वर्कशॉपमधून मोकळे झाले होते. चीनमध्ये जन्मलेल्या आणि तैवानहून आलेल्या कादंबरीकार नीए ह्वालिंग यांच्याबरोबर ते जवळच्या जलाशयावर होडीत होते. नीए म्हणाल्या, जगभरच्या लेखकांना इथं बोलवून काही महिने ठेवलं तर? एंगलना ती कल्पना वेडेपणाची वाटली, आणि मग दोघं तिच्यामागं लागले. त्यातून इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम उभा राहिला. १९७१ मध्ये दोघांनी लग्न केलं. आजवर दीडशेहून अधिक देशांतले दीड हजारांवर लेखक या मक्याच्या प्रदेशात शरद ऋतूत राहून गेले आहेत. ओरहान पामुक १९८५ मध्ये, हान कांग १९९८ मध्ये, मो यान २००४ मध्ये. तिघांनाही नोबेल मिळालं ते नंतर. गावात आले तेव्हा ते किराणा कुठं मिळतो हे विचारणारे पाहुणेच होते.

१९७५ मध्ये इथं दिलीप चित्रे आले होते. हे मला आल्यावर दोन वर्षांनी कळलं आणि त्या संध्याकाळी मी नदीवरच्या पादचारी पुलावर बराच वेळ उभी राहिले. तीस वर्षांपूर्वी मराठीत विचार करणारं एक माणूस याच गावात होतं, एवढ्यानंच गाव जरा आपलं वाटलं. त्यांच्यासारखं मला काही लिहायचं नव्हतं. पण आपली भाषा या हवेत आधी कुणीतरी बोलून गेलंय, याचा आधार परदेशी राहणाऱ्यालाच कळेल.

गोव्याचाही धागा इथं आहे. कंपालात गोवेकर कुटुंबात जन्मलेले पीटर नाझरेथ सत्तरच्या दशकात इदी अमीनच्या युगांडातून बाहेर पडले, इथं आले आणि इथलेच झाले. अनेक वर्षं त्यांनी आफ्रिकी साहित्य शिकवलं, लेखकांच्या या कार्यक्रमाला सल्ला दिला, आणि एल्विस प्रेस्लीवर एक अभ्यासक्रम घेतला, ज्याची चर्चा देशभर झाली. गोवा, युगांडा, आयोवा. एका घराण्याचा एवढा प्रवास! तसेच फिलिप लुटगेनडॉर्फ. हिंदीचे हे अमेरिकन प्राध्यापक रामचरितमानसाच्या गायनपरंपरेचा आणि हनुमानाचा आयुष्यभर अभ्यास करत राहिले. तुलसीदासाचं नाव घेताना त्यांचा 'ल' आणि 'द' आपल्यासारखा पडतो, हे ऐकून मला भरून आलं होतं.

साहित्याचंच बोलत राहिले, पण ऐकण्याची या गावातली सगळ्यात मोठी गोष्ट शास्त्रातली आहे. जेम्स व्हॅन ॲलन इथल्याच माउंट प्लेझंटचा. विद्यापीठाच्या आवारातल्या जुन्या पदार्थविज्ञान इमारतीच्या तळघरात त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एक किरणमापक यंत्र जोडलं आणि १९५८ च्या जानेवारीत ते अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहातून, एक्सप्लोरर १ मधून, वर गेलं. यंत्र टिकटिक मोजत होतं, आणि काही उंचीवर गेल्यावर एकदम गप्प होत होतं. शून्य. यंत्र बिघडलं म्हणून सोडून देता आलं असतं. मार्चमध्ये एक्सप्लोरर ३ बरोबर टेप रेकॉर्डर गेला, सलग नोंद मिळाली आणि उलगडा झाला. वर किरणोत्सार इतका प्रचंड होता की यंत्राचा कान बधिर होत होता. पृथ्वीभोवतीचे ते पट्टे आज व्हॅन ॲलन पट्टे म्हणून शाळेत शिकवतात. मी शाळेत ते शिकले तेव्हा व्हॅन ॲलन हे गावाचं नाव असेल असं वाटलं होतं. ते शांततेचा अर्थ लावत बसलेल्या माणसाचं नाव आहे.

नोकरी नाही, बर्फात फिरायला जागा नाही, तेव्हा मी दोन ठिकाणी जायला लागले. एक सार्वजनिक वाचनालय आणि दुसरं प्रेअरी लाइट्स. हे पुस्तकांचं दुकान १९७८ मध्ये सुरू झालं, आता ते डब्यूक स्ट्रीटवर आहे. डिलनचं तास ज्या गावाकडं गेलं त्याचं नाव या रस्त्याला आहे, हे मला आवडतं. वरच्या मजल्यावर घडीच्या खुर्च्या मांडतात. संध्याकाळी सातला कुणीतरी आपलं पुस्तक वाचतं. पूर्वी हे वाचन विद्यापीठाच्या रेडिओवरून थेट राज्यभर जायचं, शेतकरी ट्रॅक्टरवर ऐकायचे असं आजोबा सांगत. रविवारी दुपारी परदेशी लेखकांपैकी एक आणि वर्कशॉपचा एक विद्यार्थी जोडीनं वाचत. बहुतेक लेखक आधी आपल्या भाषेत चार ओळी म्हणत, मग इंग्रजी.

पहिल्यांदा गेले तो दिवस डोळ्यांसमोर आहे. बाहेर उणे १५ अंश. माझ्या शेजारी इस्पितळाच्या निळ्या गणवेशात एक परिचारिका, बूट काढून पायमोज्यांवर बसलेली. पुढं बसचा चालक, मी त्याला ओळखत होते, उत्तरेकडच्या बसवर असायचा. मागं दोन म्हाताऱ्या बहिणी, विणकाम करणाऱ्या. वाचणारा कवी बर्माचा होता. त्यानं बर्मी भाषेत कविता म्हटली. खोलीत एकालाही ती भाषा येत नसणार. सुया थांबल्या. कुणी खोकलं नाही. कवितेच्या शेवटी आवाज खाली आला तेव्हा परिचारिकेनं डोळे मिटलेले होते. वाईच्या मांडवात आजीशेजारी बसल्यासारखं वाटलं मला. निम्मंच काय, काहीच कळत नव्हतं, आणि तरी उठावंसं वाटेना.

मग २००८ चा जून आला. हिवाळाभर बर्फ साचलेलं, वसंतात पाऊस थांबेना. वरच्या अंगाला कोरलव्हिलचं धरण आहे. १० जूनला पाणी त्याच्या सांडव्यावरून वाहू लागलं आणि मग कुणाच्या हातात काही उरलं नाही. १९९३ मध्येही असंच झालं होतं. तेव्हा सांडव्याच्या पाण्यानं खालची माती, झाडं, रस्ता खरवडून नेला आणि तळाशी साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा तळ उघडा पडला. पोवळी, शिंपले, समुद्रलिली, सगळं दगडात. आज ती घळ बघायला शाळांच्या सहली येतात. समुद्रापासून इतक्या दूर मक्याच्या प्रदेशात कोरलव्हिलचं नाव पोवळ्यावरून, म्हणजे 'कोरल'वरून, का, ते त्या घळीत उभं राहिलं की कळतं.

त्या आठवड्यात सगळं गाव वाळूची पोती भरत होतं. एकानं पोत्याचं तोंड धरायचं, दुसऱ्यानं फावडं मारायचं. विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय नदीच्या जवळ, आणि त्याच्या तळघरात पुस्तकं. स्वयंसेवक हवेत असं कळलं आणि मी गेले. तळघरापासून वरच्या मजल्यांपर्यंत जिन्यावर माणसांची साखळी होती. माझ्या खालच्या पायरीवर रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी, वरच्या पायरीवर चर्चच्या गायकवृंदाचा टीशर्ट घातलेली बाई. पुस्तक यायचं, घ्यायचं, वळायचं, द्यायचं. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड विटेसारखे जड. अर्ध्या तासात बोटांची टोकं कापडी बांधणीनं सोलवटली. धुळीचा तो वास आमच्या वाईच्या ग्रंथालयातल्या कपाटांसारखाच होता.

तासाभरानं कंटाळा आला तेव्हा खालच्या मुलानं हातातल्या पुस्तकाचं नाव मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं दिलं. मीही वाचलं आणि वर दिलं. मग ती लाटच लागली. पोर्तुगालचा व्यापार. डुकरांचे रोग, खंड चौथा. कुणाची तरी पत्रं. नॉर्वेजियन व्याकरण. एकेक नाव सात-आठ आवाजांतून, प्रत्येकाच्या वेगळ्या उच्चारांत, जिना चढून वर जायचं. माझा उच्चार वरच्या बाईला एकदा कळला नाही. ती थांबली, माझ्याकडं वळली, मी पुन्हा म्हटलं, तिनं तसाच म्हटला आणि पुढं पाठवला. हात भरून आले होते, खिडकीबाहेर नदी चढत होती, आणि मला त्या गावात आल्यापासून पहिल्यांदा इथली झाल्यासारखं वाटलं.

१५ जूनला नदी ३१.५३ फुटांवर जाऊन थांबली. धोक्याची पातळी २२ फूट. विद्यापीठाच्या वीसएक इमारतींना पाण्यानं गाठलं. हॅन्चर सभागृह, जिथं १९८७ मध्ये जॉफ्री बॅले या नृत्यसंस्थेच्या 'नटक्रॅकर' नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग झाला, ते रंगमंचापर्यंत बुडालं आणि पुन्हा उभं राहिलं नाही. कलासंग्रहालयातली चित्रं आधीच ट्रकांतून हलवली होती. त्यांत अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकचं सहा मीटर लांबीचं भित्तिचित्र होतं, १९४३ चं, कलासंग्राहक पेगी गुगनहाइमनं १९५१ मध्ये विद्यापीठाला दिलेलं. पुढं काही वर्षं ते बेघरच होतं. २०११ मध्ये ते विकून शिष्यवृत्त्या द्याव्यात असा प्रस्ताव राज्याच्या विधिमंडळात आला. शिष्यवृत्ती हा शब्द ऐकला की विरोध करणं अवघड जातं. तरी लोकांनी आवाज उठवला, चित्र विकलं गेलं नाही आणि २०२२ मध्ये नव्या संग्रहालयाबरोबर ते घरी आलं. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता. गावाला दिलेली वस्तू अडचणीच्या वर्षी मोडीत काढायची नसते.

हॅन्चरवाल्यांनी आठ वर्षं सभागृहाशिवाय कार्यक्रम केले. चर्चमध्ये, शाळांत, गावातल्या जुन्या नाट्यगृहात. आणि पुराच्या त्याच वर्षी, नोव्हेंबरात, युनेस्कोनं आयोवा सिटीला साहित्याची नगरी म्हणून मान दिला. एडिंबरा, मेलबर्न आणि मग हे. गाव अजून चिखल उपसत होतं.

२०१३ मध्ये आम्ही तिथून हललो. चार वर्षांनी शरदात परत गेले तेव्हा हॅन्चर नव्या जागी, उंचावर बांधून झालं होतं. एका शनिवारी मैत्रिणीनं अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला ओढून नेलं. खरं तर शनिवारचा तो गोंगाट, बिअरनं माखलेले रस्ते मला कधीच आवडले नव्हते, आजही आवडत नाहीत. किनिक स्टेडियममध्ये ७० हजारांच्या आसपास माणसं. पहिला पाव सामना संपला आणि सगळे एकदम खेळाकडं पाठ करून उभे राहिले. शेजारीच लहान मुलांचं नवं इस्पितळ, त्याच वर्षी उघडलेलं, आणि त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावरून मैदान दिसतं. काचेमागं मुलं होती, काही सलाइनच्या खांबाला धरून. खालून ७० हजार हात हलले. वरून छोटे छोटे हात हलले. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडूही हेल्मेट काढून उभे होते. मिनिटभरच. मी मैत्रिणीचा दंड घट्ट धरला होता.

आजोबा तोवर गेले होते. त्यांची शेवटची आठवण निघायच्या आधीच्या हिवाळ्यातली.

त्यांच्या लेकीच्या स्वयंपाकघरात दर महिन्याला काही जण आपापला पदार्थ घेऊन जमायचे. मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. भाषांतर शिकणारा एक विद्यार्थी होता, त्यानं तुकारामांच्या एका अभंगाचं इंग्रजी रूप वाचून दाखवलं. चांगलं होतं. मग तो माझ्याकडं वळून म्हणाला, मूळ कसं आहे? गाथा घरीच होती, आजीची, पुठ्ठा निघालेली. बर्फातून घर ओलांडून आणली. पान सापडायला वेळ लागला, तोवर कुणी बोललं नाही.

मी वाचलं. नुसतं वाचता येईना, चाल आपसूक लागली, आजीची चाल. खिडकीवर बर्फ टेकत होतं. संपलं तेव्हा आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. त्यांना त्या वेळी ऐकू कमी यायचं, एका कानात यंत्र होतं. त्यांनी ते बोटानं नीट बसवलं आणि खुर्ची माझ्या दिशेनं ओढली.

"पुन्हा एकदा म्हण," ते म्हणाले. "मघा सुरुवात निसटली."

मी पान उलटं फिरवलं आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं.